चाल दिसली नाही की पटली नाही? अवघड पोझिशनवर चेस इंजिन कसं तपासायचं

अवघड पोझिशन हाताला लागली की बहुतेक जण ती सरळ स्टॉकफिशसारख्या चेस इंजिनमध्ये, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकतात, दहा-वीस सेकंद स्क्रीनकडे बघतात, बरोबर चाल वर आली तर इंजिन भारी आणि नाही आली तर इंजिनला काही कळत नाही, विषय संपला. याला टेस्ट म्हणता येत नाही, कारण यातून हाताला काहीच लागत नाही. बरोबर चाल आली तरी ती कशाच्या जोरावर आली ते माहीत नाही, आणि नाही आली तर नेमकं कुठे अडलं तेही माहीत नाही. म्हणून मी प्रत्येक पोझिशनला तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो: चाल इंजिनला दिसली का, दिसली तर पटली का, आणि पटली तर शेवटपर्यंत टिकली का. हे तीन प्रश्न वेगळे कसे काढायचे तेच खाली सविस्तर लिहिलंय.

लागणारं सामान फार नाही. एक किंवा दोन इंजिन, म्हणजे स्टॉकफिश आणि जमलं तर लीला चेस झीरो, आणि ती चालवायला एरिना, क्यूट चेस किंवा निबलर असा एखादा फुकटचा इंटरफेस. इंजिन यूसीआय प्रोटोकॉल (इंजिन आणि इंटरफेसची आपसातली भाषा) बोलणारं हवं, जो २००० सालापासून आहे आणि आज जवळपास सगळी इंजिनं तोच बोलतात. आणि एक साधी वही किंवा स्प्रेडशीट, ती मात्र सोडू नका.

पोझिशन कुठली घ्यायची

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "अवघड" हा एकच प्रकार नसतो. इंजिनला त्रास देणारी कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणासाठी वेगळी पोझिशन लागते, नाहीतर तुम्ही एक गोष्ट मोजायला जाता आणि मोजता दुसरीच. मी चार प्रकार ठेवतो आणि प्रत्येकाला एक ओळखीची पोझिशन.

पहिला प्रकार, वरवर मूर्खपणाची वाटणारी चाल. यासाठी टोपालोव्ह विरुद्ध शिरोव्ह, लिनारेस १९९८. पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२ आणि एच४. काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. चाल काळ्याची, ४७वी. शिरोव्हने उंट एच३ खेळला, म्हणजे उंट सरळ जी२वरच्या प्याद्याच्या तोंडात नेऊन ठेवला आणि डाव जिंकला.

दुसरा, खूप लांबचा पण साधा हिशोब. लास्कर-राइशहेल्म पोझिशन, जी इंजिनवाल्यांमध्ये फाइन नंबर ७० म्हणून प्रसिद्ध आहे. पांढरा: राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा: राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. चाल पांढऱ्याची, आणि जिंकणारी चाल एकच, राजा बी१. राजा बी२ खेळलात तर काळा राजा ए८ वर जातो आणि डाव बरोबरीत.

तिसरा, फोर्ट्रेस, म्हणजे समोरच्याकडे ढीगभर मोहरे आहेत पण आत शिरता येत नाही. यासाठी रॉजर पेनरोझ यांची २०१७ मध्ये खूप गाजलेली पोझिशन. पांढरा: राजा ई२, प्यादी ए२, बी३, सी४, सी६. काळा: राजा ए६, वजीर ए५, हत्ती ए४ आणि बी५, उंट ई५, एफ४, जी३, प्यादी ए७, बी६, सी५, बी४, ए३. चाल पांढऱ्याची.

चौथा, रचलेले प्रॉब्लेम ज्यात सगळंच एकत्र असतं. प्लास्केट पझल हे याचं उत्तम उदाहरण, रचना हेस व्हान ब्रॉइकेलेन यांची, आणि १९८७ मध्ये ब्रसेल्सच्या स्पर्धेच्या वेळी मिखाईल ताल यांनी ते सोडवलं हा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असतो. पांढरा: राजा डी६, उंट डी१, घोडा जी४, प्यादी डी७, जी३. काळा: राजा एच७, उंट बी४, घोडे ए६ आणि जी५, प्यादी सी३, सी५, ई३, एच६. पांढऱ्याने जिंकायचं, सुरुवात घोडा एफ६ शह. मधे काळा आपल्या प्याद्याचा वजीर न करता घोडा करतो, त्यामुळे इंजिन अंडरप्रमोशनकडे नीट बघतं का हेही कळून येतं.

स्वतःच्या डावातली पोझिशन घ्यायची असेल तर बिनधास्त घ्या, पण एक अट आहे, उत्तर तुम्हाला आधीपासून पक्कं माहीत असलं पाहिजे आणि ते एकच असलं पाहिजे. दोन चाली जिंकत असतील तर टेस्ट निकामी. जुन्या पुस्तकांमधल्या कितीतरी सुंदर कॉम्बिनेशन्समध्ये दुसरा उपाय निघालाय किंवा मूळ उपायच चुकीचा ठरलाय, आणि अशा पोझिशनवर इंजिन "नापास" झालं तर खरं म्हणजे इंजिनचं बरोबर असतं.

मांडणी तपासून घ्या

कंटाळवाणं काम आहे पण करायचंच. सेटअप बोर्डमध्ये मोहरे लावले की प्रत्येक बाजूचे मोहरे मोजा. शिरोव्हच्या पोझिशनमध्ये पांढरे ४ आणि काळे ६, लास्करमध्ये पांढरे ५ आणि काळे ४, पेनरोझमध्ये पांढरे ५ आणि काळे १२, प्लास्केटमध्ये पांढरे ५ आणि काळे ८. मग चाल कुणाची आहे ते बघा, कारण बहुतेक इंटरफेस आपणहून पांढऱ्याची चाल धरतात आणि शिरोव्हची पोझिशन काळ्याची आहे. कॅसलिंगचे हक्क वरच्या चारही पोझिशन्समध्ये नाहीत, तिथल्या सगळ्या खुणा काढून टाका. शेवटी पन्नास चालींच्या नियमाचा काउंटर शून्यावर आहे ना ते बघा, याचा पुढे मुद्दाम वापर करायचाय.

सेटिंग, आणि त्यातलं काय का

पहिल्या फेरीत सगळं कमीत कमी ठेवा. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे शोध, १. मल्टीपीव्ही १, म्हणजे चालींची एकच मालिका, एकच लाइन, कारण दोन-तीन लाइन मागितल्या की इंजिनचा वेळ वाटला जातो आणि शोध वेगळ्या वाटेने जातो. ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चाली) बंद, पाँडरिंग (समोरच्याच्या वेळेत विचार करणं) बंद, टेबलबेस (थोडे मोहरे उरलेल्या पोझिशन्सची तयार उत्तरं) बंद. हॅश, म्हणजे बघितलेल्या पोझिशन्स लक्षात ठेवायची मेमरी, एक ठरावीक आकडा, समजा ५१२ एमबी, आणि मग सगळ्या इंजिनांना तोच. स्टॉकफिशचा डिफॉल्ट हॅश फक्त १६ एमबी असतो, मोठ्या शोधाला तो अगदीच तोकडा पडतो, तेव्हा ते बदलायला विसरू नका.

थ्रेड एक का, तर स्टॉकफिश एकापेक्षा जास्त थ्रेडवर चालतं तेव्हा सगळे थ्रेड एकच हॅश टेबल वापरत स्वतंत्रपणे शोध घेत असतात, कुणी आधी काय लिहून ठेवलं यावर पुढचं ठरतं, आणि त्यामुळे तीच पोझिशन, तेच मशीन, तरी दर वेळी उत्तर वेगळ्या वेळी येतं. एका थ्रेडवर, हॅश साफ करून, ठरावीक नोड्सपर्यंत (नोड म्हणजे इंजिनने बघितलेली एकेक पोझिशन) चालवलं तर मात्र दर वेळी हुबेहूब तेच येतं. आधी हा पक्का पाया घ्यायचा आणि मग थ्रेड वाढवायचे.

आणि प्रत्येक रनच्या आधी हॅश साफ करायचा. स्टॉकफिशच्या ऑप्शन्समध्ये "क्लिअर हॅश" नावाचं बटणच आहे. हे केलं नाही तर दुसऱ्या रनमध्ये इंजिन पहिल्याचंच शिकलेलं वापरतं आणि चाल झटक्यात सापडते, आणि लोकांना वाटतं दुसरं सेटिंग किती चांगलं.

पहिला रन आणि काय टिपायचं

वेळ ठरवा, मला पाच मिनिटं पुरेशी वाटतात, प्लास्केटसारख्याला जास्त द्या. इंजिन सुरू करा आणि मधे हात लावू नका. संपल्यावर लॉगमधून या गोष्टी वहीत घ्या: बरोबर चाल पहिल्यांदा वर कधी आली (वेळ, डेप्थ म्हणजे किती चाली पुढे बघितलं ते, आणि नोड्स, तिन्ही), मधे ती सोडून दुसरीकडे गेलं का, शेवटी कुठली चाल होती, त्या वेळी स्कोअर (कुणाची बाजू किती वरचढ आहे त्याचा आकडा) काय होता, आणि मुख्य लाइनच्या पहिल्या सहा-सात चाली काय होत्या.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी लिहून ठेवत नाही. शिरोव्हच्या पोझिशनवर इंजिनने उंट एच३ दाखवला पण स्कोअर जवळपास शून्यच आहे, तर याचा अर्थ त्याला ती चाल बाकीच्यांइतकीच बरी वाटतेय, जिंकायची वाट त्याला अजून दिसलेली नाही. खरा उपाय असा आहे: पांढऱ्याने उंट खाल्ला, म्हणजे जी२चं प्यादं एच३ वर गेलं, तर काळा राजा एफ५, पांढरा राजा एफ२, काळा राजा ई४, पांढरा उंट एफ६चं प्यादं खातो, आणि काळा डी४. इथे पांढऱ्याकडे अख्खा उंट जास्त आहे तरी ए आणि डी दोन्ही प्यादी त्याला थांबवता येत नाहीत कारण काळा राजा आधी पोचलाय. सगळा खेळ एका चालीच्या फरकाचा आहे, उंटाने एफ५ची जागा सोडायची आणि तीही अशी की राजाची एक चाल फुकट मिळेल. पांढऱ्याने खाल्लंच नाही आणि राजा एफ२ला आणला तर काळा राजा एफ५, पांढरा राजा एफ३, आणि मग उंट जी२चं प्यादं खाऊन शह देतो, पांढऱ्या राजाला खावं लागतं आणि काळा राजा ई४ वर. इंजिनच्या लाइनमध्ये या दोन्हीपैकी एक तरी वाट दिसतेय का ते बघा. दिसत असेल आणि स्कोअरही काळ्याकडे झुकला असेल तर पटलंय असं म्हणायचं.

एक बारीक गोष्ट. कधी कधी नवीन चाल वर येते तेव्हा स्कोअरच्या बाजूला "किमान इतका" अशी खूण असते, म्हणजे इंजिनने धरलेल्या चौकटीच्या बाहेर स्कोअर गेलाय आणि ते परत मोजतंय. त्या क्षणीचा आकडा टिपू नका, खूण जाऊन आकडा स्थिर झाला की मगच घ्या. वेळ मात्र खूण आली तेव्हाची धरली तरी चालते, फक्त सगळीकडे एकच पद्धत ठेवा.

आता मुख्य टेस्ट: जबरदस्तीने ती चाल बघायला लावणं

चाल आलीच नाही असं धरू. दोन शक्यता उरतात. एक तर इंजिनने ती चाल वरवर बघून बाजूला टाकली, किंवा नीट बघितली आणि तरी तिला ती वाईटच वाटली. यूसीआयमध्ये यासाठी सुंदर सोय आहे, "गो सर्चमूव्ह्ज" ही कमांड, तिच्यापुढे चाल लिहायची, कुठून कुठे अशा पद्धतीने, म्हणजे इथे एफ५एच३, आणि वेळ किंवा नोड्सची मर्यादा द्यायची. मग इंजिन रूटवर, म्हणजे पहिल्या चालीला, फक्त तीच एक चाल तपासतं, बाकीच्या चालींकडे ढुंकूनही बघत नाही.

असं केल्यावर थोड्याच वेळात स्कोअर काळ्याच्या बाजूने वर गेला, तर निदान स्पष्ट आहे: चाल कळण्यासारखी होती, पण इंजिन तिच्यापर्यंत पुरेशा खोलीने पोचलंच नाही. म्हणजे दिसली नाही. आणि याचं कारणही सांगता येतं. आजची इंजिनं सगळ्या चाली सारख्या खोलीने बघत नाहीत, यादीत मागे असलेल्या चालींची डेप्थ कमी करतात, आणि मोहरा फुकट देणारी चाल यादीत मागेच पडते. ही कपात केली नाही तर इंजिन आजच्या खोलीपर्यंत पोचूच शकणार नाही, त्यामुळे हा दोष आहे असं मी म्हणणार नाही, ही मोजलेली किंमत आहे.

उलट, फक्त तीच चाल देऊनही पाच मिनिटांनी स्कोअर खालीच राहिला, तर पटली नाही. आता खोदकाम पुढे करायचं. उपायाच्या लाइनमध्ये एकेक चाल पुढे जा, प्रत्येक ठिकाणी हॅश साफ करा आणि तेवढाच वेळ द्या, आणि कुठल्या चालीनंतर इंजिनचा स्कोअर उडी मारतो ते बघा. शिरोव्हमध्ये समजा काळा राजा ई४ वर आल्यावरच त्याला कळलं, तर उंट एच३ पासून तिथपर्यंतच्या अर्ध्या चाली मोजल्या की तेवढं अंतर त्या इंजिनला कमी पडतंय. मला हा आकडा "इतक्या सेकंदात सोडवलं" यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा वाटतो, मशीन बदललं की सेकंद लगेच बदलतात, हे अंतर तितक्या पटकन बदलत नाही.

पुढे जाऊन मागे येण्याचा एक प्रकार हॅश साफ न करता पण करतात, लाइनच्या शेवटी इंजिनला बसवायचं आणि मग एकेक चाल मागे आणायचं, म्हणजे शेवटी शिकलेलं हॅशमधून मागे झिरपतं. पोझिशन समजून घ्यायला उत्तम. टेस्ट म्हणून नाही, कारण तिथे वाट तुम्ही दाखवलेली असते, वहीत त्याची नोंद वेगळी ठेवा.

हॅशचा परिणाम बघायचा असेल तर

लास्कर-राइशहेल्म घ्या. दोन्हीकडचे राजे सोडले तर प्यादी सगळी एकमेकांसमोर अडकलेली आहेत, त्यामुळे नुसते राजेच फिरतात आणि त्याच त्या जागा वेगवेगळ्या क्रमाने परत परत येतात. हॅश टेबल नीट चालत असेल तर इंजिन एकदा बघितलेली जागा परत मोजत नाही आणि इथे डेप्थ भराभर चढते. तुमच्या इंजिनला जमेल तितका छोटा हॅश देऊन एक रन करा आणि मग मोठा देऊन दुसरा. सोबत हॅशफुल नावाचा आकडा बघा, तो हजारपैकी किती असा असतो, १००० म्हणजे टेबल पूर्ण भरलं. भरून वाहतंय आणि डेप्थ अडकलीय असं दिसलं तर हॅश वाढवा. स्वतः इंजिन लिहिणाऱ्यांनी तर ही पोझिशन पहिल्यांदा टाकावी, हॅश टेबलमध्ये बग असेल तर इथे लगेच उघडा पडतो.

झुगझ्वांगबद्दल दोन शब्द इथेच. इंजिनं नल मूव्ह नावाची युक्ती वापरतात, म्हणजे समोरच्याला लागोपाठ दोन चाली देऊन बघायच्या, तरीही आपलं बरं चाललं असेल तर ती फांदी छाटायची. झुगझ्वांगमध्ये चाल न करणं हेच फायद्याचं असतं, तिथे हा अंदाज फसतो. म्हणून चालणाऱ्याकडे राजा आणि प्यादीच उरली असतील तर स्टॉकफिश नल मूव्ह वापरतच नाही. तेव्हा झुगझ्वांगची टेस्ट करायची तर अशी पोझिशन शोधा जिथे एखादा मोठा मोहरा अजून पटावर आहे, नुसत्या प्याद्यांच्या एंडगेममध्ये ही कमजोरी दिसणार नाही.

फोर्ट्रेसला चाल बघून काही कळत नाही

पेनरोझच्या पोझिशनला नीट बघा. पांढऱ्याची सगळी प्यादी, ए२, बी३, सी४, सी६, पांढऱ्या घरांवर आहेत. काळ्याचे तिन्ही उंट काळ्या घरांवरचे. म्हणजे ते त्या प्याद्यांना कधीच खाऊ शकत नाहीत आणि पांढऱ्या घरावर उभ्या राजाला शहही देऊ शकत नाहीत. काळ्याचा वजीर आणि दोन्ही हत्ती आपल्याच प्याद्यांमध्ये कोंडलेत, राजाला बी७ला जाता येत नाही कारण सी६चं प्यादं तिथे नजर ठेवून आहे. पांढऱ्याने हत्ती खायचा मोह टाळला आणि राजा पांढऱ्या घरांवरून फिरवत राहिला की झालं, त्याला तिरक्या दिशेने कुठलं ना कुठलं पांढरं घर कायम मोकळं असतं.

माणसाला हे दोन मिनिटांत कळतं. इंजिन मात्र मोहरे मोजून काळ्याला प्रचंड स्कोअर देऊ शकतं आणि त्याच वेळी पांढऱ्यासाठी चाल अगदी बरोबर निवडतं, राजाचीच. म्हणून फोर्ट्रेसमध्ये चाल बरोबर आली का हा प्रश्नच विचारू नका, इथे फक्त स्कोअर तपासायचा. मी तीन रन सुचवतो. एकात पन्नास चालींच्या नियमाचा काउंटर शून्य, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ९०. हा काउंटर अर्ध्या चालींत मोजतात आणि १०० झाला की बरोबरी. ९० वर सुरू केलं तर फक्त दहा अर्ध्या चाली उरतात आणि कुठलंही चांगलं इंजिन ते शोधातूनच बघतं, स्कोअर शून्यावर येतो. शून्यापासून सुरू केल्यावर येतो का, आणि नाही तर मधे कधी यायला लागतो, त्यावरून कळतं की इंजिनला किल्ला दिसतोय की नुसता नियम दिसतोय. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याच्या जोडीला काळ्याच्या बाजूने इंजिनला खेळायला बसवा आणि पांढऱ्याकडून तुम्ही स्वतः राजा हलवत राहा. चाली वाढतील तसा स्कोअर कसा उतरतो ते बघत राहा.

लीलासाठी वेगळा चष्मा

२०१७ च्या डिसेंबरमध्ये न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या अल्फाझीरो इंजिनचा पेपर आला आणि त्याच धर्तीवर २०१८ मध्ये लीला सुरू झालं, तिची शोधायची पद्धत पूर्ण वेगळी आहे. स्टॉकफिश सेकंदाला लाखो नोड्स बघतं, लीला जीपीयूवर हजारांत, आणि तिचा प्रत्येक नोड महाग असतो. त्यामुळे दोघांच्या डेप्थची तुलना करू नका, नोड्सची तर अजिबातच नाही. तुलना करायची तर वेळेची, आणि तीही दोघांना कुठलं हार्डवेअर दिलंय ते लिहून.

लीलामध्ये न्यूरल नेटवर्क आधीच प्रत्येक चालीला एक टक्केवारी देऊन टाकतं, ही चाल बघण्यालायक किती, आणि मग शोध त्या प्रमाणात वाटला जातो. "व्हर्बोज मूव्ह स्टॅट्स" हा ऑप्शन चालू केला की हे आकडे लॉगमध्ये दिसतात. उंट एच३ सारख्या चालीला नेटवर्कने नगण्य टक्का दिला असेल तर ती फार कमी वेळा तपासली जाणार, आणि इथे "दिसली नाही" हे शब्दशः आकड्यात वाचता येतं, म्हणून शिकायला लीला मला जास्त आवडते. मग पॉलिसी टेंपरेचर थोडं वाढवून बघा, त्याने टक्के थोडे पसरतात आणि मागच्या चालींना संधी मिळते. चाल सापडली तर निदान पक्कं. फक्त त्या सेटिंगवर लीला एरवीच्या डावात जास्त चांगली खेळेल असं समजू नका.

थ्रेड वाढवून परत

एका थ्रेडचं चित्र हातात आलं की आता चार किंवा आठ थ्रेड द्या. इथे एक रन करून काहीच सिद्ध होत नाही, तो नशिबाचा भाग असू शकतो. मी निदान दहा रन म्हणेन, प्रत्येकाआधी हॅश साफ, आणि मग किती वेळा ठरलेल्या वेळेत सापडली आणि वेळांचा मधला आकडा कितीचा आला हे दोन आकडे. सरासरी घेऊ नका, एखादा रन भरकटला की ती पूर्ण बिघडवतो.

एक युक्ती, जी फुकटात जास्त नमुने देते: पोझिशन आरशातून बघितल्यासारखी उलटवा. कॅसलिंगचा प्रश्न नसेल तर डावं-उजवं बदललं तरी बुद्धिबळाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. शिरोव्हची पोझिशन अशी उलटवली की उंट सी५ वर येतो आणि जिंकणारी चाल उंट ए३ होते. रंग उलटवले तर पांढरा उंट एफ४ वरून एच६ला जातो. चाली तपासायचा क्रम बदलल्यामुळे वेळ थोडा पुढेमागे होणारच, पण एका बाजूला दोन सेकंदात आणि दुसऱ्या बाजूला सापडतच नाही असं झालं, तर पहिल्या बाजूचं यश योगायोगाचं होतं.

टेबलबेस शेवटी चालू करा

सिझिजी टेबलबेस पाच मोहऱ्यांपर्यंतचे साधारण १ जीबी आहेत, सहापर्यंतचे साधारण १५० जीबी, आणि सातचे इतके मोठे आहेत की घरी ठेवणं बहुतेकांना शक्य नसतं. आपल्या पोझिशन्स यापेक्षा मोठ्या आहेत, त्यामुळे उत्तर थेट मिळणार नाही, पण फांद्यांच्या टोकाला मिळतं. शिरोव्हच्या लाइनमध्ये पांढरा उंट एफ६चं प्यादं खातो तेव्हा पटावर ८ मोहरे उरतात, अजून दोन गेले की सहाच्या टेबलबेसमध्ये आलात. टेबलबेसशिवाय आणि टेबलबेससह असे दोन रन शेजारी ठेवा, आणि टीबीहिट्सचा आकडा (टेबलबेसमधून किती वेळा उत्तर मिळालं) शून्यच असेल तर टेबलबेसच्या फाइल्सचा पाथ चुकलाय, तुलना करू नका. फाइल्स हार्डडिस्कवर असतील तर वाचण्यात वेळ जाऊन उलट वेग कमी होतो, एसएसडीवर ठेवा.

दोन व्हर्जनची तुलना

स्टॉकफिश ११ आणि १२ ची तुलना करून बघण्यासारखी आहे, कारण २०२० च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या १२ मध्ये एनएनयूई, म्हणजे न्यूरल नेटवर्कने पोझिशन जोखणं, पहिल्यांदा आलं. त्याच पोझिशनवर दोन्ही चालवून दिसणं आणि पटणं वेगवेगळं नोंदवा. फक्त स्कोअरचे आकडे व्हर्जनच्या पलीकडे जुळवत बसू नका. १५.१ पासून स्टॉकफिशचा +१.०० म्हणजे जिंकायची साधारण पन्नास टक्के शक्यता असं माप ठरलंय, त्याआधी तसं नव्हतं. तुलनेसाठी जिंकणं-बरोबरी-हरणं दाखवणारा ऑप्शन चालू करता येत असेल तर तो जास्त बरा.

आणि नवीन व्हर्जनला एखादी जुनी पोझिशन सोडवायला जास्त वेळ लागला म्हणून ते कमजोर झालं असं कृपा करून ठरवू नका. स्टॉकफिशमधला प्रत्येक बदल फिशटेस्टवर, म्हणजे स्टॉकफिशच्या टेस्ट करायच्या यंत्रणेवर, हजारो डाव खेळवून स्वीकारला जातो, आणि जो बदल डाव जिंकून देतो तो एखाद्या रचलेल्या प्रॉब्लेमवर मागे पडू शकतो, कारण असे प्रॉब्लेम खऱ्या डावात फार क्वचित येतात. ताकद बघायची तर डाव खेळवा, कमजोरी कुठे आहे ते बघायचं तर पोझिशन द्या. पंधरा-वीस चांगल्या पोझिशन्स जमल्या की त्या ईपीडी फाइलमध्ये ठेवा, त्यात प्रत्येक पोझिशनपुढे बरोबर चाल किंवा टाळायची चाल लिहिता येते आणि बरेच इंटरफेस पूर्ण फाइल रात्रभर आपोआप चालवतात. फोर्ट्रेसवाल्या पोझिशन्स मात्र त्या फाइलमध्ये घालू नका, तिथे चाल जुळली की प्रोग्राम पास म्हणून मोकळा होतो, त्या हातानेच तपासाव्या लागतात.